पाचच्या पाच घडीकानी

पाचव्या पिल्लाचा कान वाकला त्या सकाळी भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं.

"मावशी! अगं धावत ये! कवडीचा पण वाकला! पाचच्या पाच!"

मावशी स्वयंपाकघरात मांजरांसाठी कोंबडी उकडत होती. गॅस बारीक करून, हात गाऊनला पुसत ती आली आणि पिल्लांच्या खोलीच्या जाळीच्या दाराशी थबकली. भिंगरीनं कवडीला तळहातावर धरलं होतं. करड्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू, आणि डोक्यावर दोन इवलेसे कान, पाकिटाच्या झाकणासारखे पुढे दुमडलेले.

"खरंच की गं," मावशी म्हणाली. पण ती ओरडली नाही, नाचली नाही. खाली वाकून तिनं एकेका पिल्लाच्या कानावरून बोट फिरवलं. कापूस, कंदील, कोळसा, किल्ली, कवडी. मग पुन्हा उलटीकडून, कवडीपासून कापसापर्यंत.

"खूश नाही झालीस?"

"झाले ना," मावशी म्हणाली. "असं कधी होत नाही, म्हणून बघतेय."

आता यात एवढं नाचण्यासारखं काय होतं, तर ऐका. या जातीची पिल्लं जन्मतात तेव्हा सगळ्यांचेच कान सरळ असतात, कुठल्याही गल्लीतल्या मांजरासारखे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींचे कान पुढे झुकायला लागतात आणि कायमची घडी पडते. काहींचे उभे ते उभेच राहतात. आई घडीच्या कानांची आणि बाप सरळ कानांचा, अशीच जोडी लावायची असते, त्यामुळे साधारण निम्मी पिल्लं घडीकानी निघतात. 'घडीकानी' हा मावशीच्या घरातला शब्द. घडीकानी पिल्लासाठी लोक वर्षभर आधी नाव नोंदवून ठेवत. सरळ कानांचं पिल्लू, त्याच आईचं, त्याच दुधावर वाढलेलं, किमतीच्या दहाव्या हिश्शाला जाई. तेही 'घ्या हो, स्वभावाला फार गोड आहे' असं चारचौघांना सांगितल्यावर. म्हणून चौथा आठवडा आला की मावशीच्या घरात निकालाचं वातावरण असायचं.

आणि यंदा सगळेच्या सगळे पास!

भिंगरी पंधरा वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, बाकी सगळीकडे भिंगरी, कारण तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण तोंडानं मात्र ती गेल्या वर्षापर्यंत मुकी. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, पाहुणे आले की पलंगामागे. मग मावशीनं तिला मांजरांत आणलं. मावशीचं घर शाळेच्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी सातला यायचं, तासभर काम करायचं, मग शाळा. पहिले सहा महिने नुसते केस झाडणं आणि मांजरांच्या शी-शूच्या मातीचे डबे चाळणं. यंदा मावशीनं तिच्या हातात वही दिली. रोज प्रत्येक पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं आणि चार रकाने भरायचे: वजन, डोळे, कान, शेपूट. वही हातात आली आणि भिंगरीच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. आता ती गिऱ्हाइकांचे फोनसुद्धा घ्यायची.

"अहो, एवढ्या पैशांत स्कूटर येते," एकदा एक गृहस्थ फोनवर म्हणाले होते.

"येते ना," भिंगरी म्हणाली होती. "पण स्कूटरच्या आईबापांच्या हृदयाची सोनोग्राफी करावी लागत नाही, काका. स्कूटरला दर दोन तासांनी बाटलीनं दूध पाजावं लागत नाही. स्कूटर बारा आठवडे आईजवळ ठेवावी लागत नाही. तिच्या आजोबांच्या आजोबांपर्यंतचे कागद नसतात. आणि आमची आई वर्षाला एकदाच बाळंत होते, फॅक्टरीला रविवारचीच सुट्टी!"

तिकडे मावशी हसून हसून ओट्याला टेकली होती. गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलं. अशी ही मावशी-भाचीची जोडी.

पिल्लांच्या आईचं नाव मालकीणबाई, कारण ती घरात तशीच वागायची. बापाचं नाव फौजदार. फौजदार आणायला गेल्या सुट्टीत दोघी मिळून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. ज्या बाईंकडून घेतला त्या म्हणाल्या, सरळ कानांचा आहे, कागद बघा. कागदावर तसंच होतं. फक्त उजव्या कानाचं टोक जरासं पुढे आलेलं, नखभर. मावशी त्या टोकाकडे बघत होती. तेव्हा भिंगरी मध्येच म्हणाली, "झोपून चुरगळलंय गं! माझे केस पण सकाळी असेच असतात." सगळ्या हसल्या. आणि मावशी, जी एरवी विकत घ्यायच्या बोक्याचा कान अंगठ्यानं दाबून मुळापर्यंत चाचपल्याशिवाय सोडत नाही, तीही हसली आणि फौजदार पेटीत बसला.

सातव्या आठवड्यात भिंगरीनं कापसाची शेपूट धरली.

शेपूट बघायची पद्धत अशी: पिल्लू टेबलावर उभं करायचं, शेपटीला मधोमध दोन बोटांनी हलकं धरायचं आणि कमान करायची. चांगली शेपूट ओल्या दोरीसारखी वळते. मग रकान्यात 'मऊ' लिहायचं आणि पिल्लाच्या नाकावर टिचकी. भिंगरी कमान करायला गेली तर शेपूट वळलीच नाही. उलट शेपटीबरोबर कापसाची मागची बाजूच टेबलावरून उचलली गेली, डाव उचलावा दांड्यानं तशी. कापूस ओरडला नाही. नुसता मान वळवून तिच्याकडे बघत राहिला, गोल गोल डोळ्यांनी.

आपलाच हात चुकला, तिला वाटलं. तिनं पुन्हा धरून पाहिलं. शेपटीच्या बुंध्याशी काहीतरी जाड होतं, हाडावर गाठी आल्यासारखं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झालेली. तिनं वहीत 'मऊ' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, ते खोडलं, आणि दप्तर उचलून पळाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं पाहिलं की बाकीची चौघं खुर्चीवरून पायपुसण्यावर आणि पायपुसण्यावरून खुर्चीवर धुडगूस घालताहेत, आणि कापूस खुर्चीच्या पायाशी बसलाय. मांजर बसतं तसा नाही. मागचे दोन्ही पाय सरळ पुढे टाकून, पोट पुढे काढून, जेवण झाल्यावर आजोबा भिंतीला टेकून बसतात तसा.

"बघ ना कसा बसतो, गोडुला!" मावशी म्हणाली आणि तिनं फोन काढून व्हिडिओ घेतला.

"मावशी," भिंगरी म्हणाली, "त्याची शेपूट वळत नाही."

मावशीनं व्हिडिओ थांबवला. कापसाला उचलून मांडीवर घेतलं, शेपूट धरली. भिंगरी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मावशी मांजरांच्या बाबतीत कधी चेहरा लपवत नाही. आजारी पिल्लू असलं की तिच्या कपाळावर तीन आठ्या पडतात, बरं असलं की ओठ आपोआप पुढे येतात. आत्ता काहीच झालं नाही. चेहरा पुसल्यासारखा कोरा.

"एवढंतेवढं असतं कधीकधी," ती म्हणाली. "वाढीत सुटतं."

"डॉक्टरांना दाखवूया."

"बघू."

"आजच दाखवूया. मी शाळा बुडवते."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी मुलीकडे पाहावं तसं. मग म्हणाली, "चल."

जनावरांचे डॉक्टर भारी तिरकस माणूस. कुत्रेवाल्यांना म्हणायचे, तुमच्यापेक्षा कुत्रा बरा बोलतो. त्या दिवशी त्यांनी एक्सरे काचेवर लावला आणि एकही विनोद केला नाही. कापसाच्या मागच्या पायांचा फोटो होता. घोट्याशी जिथे लहान लहान हाडं सुटी दिसायला हवीत, तिथे सगळं एकात एक मिसळलेलं, मेणबत्ती वितळून ताटलीवर ओघळावी तसं.

"बाप कुठला?"

"फौजदार," मावशी म्हणाली. "सरळ कानांचा आहे."

"घेऊन या त्याला. मी बसलोय."

मावशी घरी जाऊन फौजदाराला घेऊन आली. डॉक्टरांनी त्याचा उजवा कान अंगठा आणि बोटात धरला, टोकापासून मुळापर्यंत दाबत नेला आणि मध्ये थांबले. "इथे हात लावा. लागली वळी? हा सरळ नाही हो. घडीचाच आहे. आळशी घडी आहे, अर्ध्यात सुटलेली. असे हजारांत दोन-चार निघतात. हे कुणी तपासलं नाही?"

भिंगरीला आपलंच वाक्य आठवलं. झोपून चुरगळलंय गं.

"डॉक्टर, पण कान वाकडे असले तर पायांना काय होतं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "बस. तुम्हाला सगळ्यांना वाटतं ना, की ही कानांची फॅशन आहे? कान उभा कशावर राहतो? कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर. या मांजरांची कूर्चाच कच्ची असते. कानाची कच्ची म्हणून कान पडतो. पण कूर्चा काय फक्त कानात असते? घोट्यात असते, शेपटीत असते, पाठीच्या कण्यात असते. कान हा फक्त दिसणारा भाग. आईकडून किंवा बापाकडून एकाकडूनच आलं तर काहींचं निभावतं, म्हातारपणी कुरकुर होते. या बाळाला दोघांकडून आलंय. म्हणून तर कान बघा, कसे डिंकानं चिकटवल्यासारखे बसलेत. जेवढे कान सुंदर तेवढे सांधे गेलेले."

"त्याला दुखत असेल?"

"सतत."

"पण तो ओरडत नाही."

"मांजर दुखणं सांगत नाही, पोरी. हलायचं थांबतं."

निघताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कापसाला जन्मभर गोळी, आणि तो विकायचा नाही. बाकीच्या चौघांवर लक्ष. आणि फौजदाराचं ऑपरेशन करून टाका, या दोघांची जोडी पुन्हा लागता कामा नये.

"अर्थातच," मावशी म्हणाली.

रिक्षात मावशी रडली. कापसाची पेटी मांडीवर घट्ट धरून, खिडकीकडे तोंड करून. भिंगरीही रडली आणि म्हणाली, माझ्यामुळे झालं, मी तोंड उघडलं नसतं तर तू कान चाचपला असतास. मावशीनं तिला जवळ ओढलं. "वेडी आहेस का? अकरा वर्षं करतेय मी हे. चूक माझी. कापूस आपल्याकडेच राहणार, आपला म्हणून. आणि फौजदाराचं पुढच्या महिन्यात करून टाकू." भिंगरीनं शप्पथ घ्यायला लावली. मावशीनं गळ्याला हात लावून शप्पथ घेतली.

एक्सरे कपाटाच्या खालच्या खणात गेला.

यानंतरचे आठवडे भिंगरीनं कापसाची सेवा केली म्हणजे काय, अगदी राजपुत्राची करावी तशी. गोळी कुस्करून कोंबडीत कालवायची. मातीचा डबा बुटका आणला, चढावं लागू नये म्हणून. खिडकीजवळ, हात पोचेल एवढ्या उंचीवर एक फळी होती, तिथे ती त्याला उचलून ठेवायची, कारण त्याला पक्षी बघायला आवडायचे. ठेवलं की तो ठेवल्या जागी राहायचा. सातला ठेवला की आठला तिथेच. पाय पुढे, पोट पुढे, कान डोक्याला चपट, डोकं चेंडूसारखं गोल. खेळण्याच्या दुकानातलं मांजरसुद्धा इतकं नीट बसत नसेल.

मावशीनं तो व्हिडिओ तेवढ्यात कधीतरी इंटरनेटवर टाकला होता. भिंगरीला कळलं ते फोन यायला लागले तेव्हा. सकाळच्या एका तासात सहा. सगळे एकच विचारत: तो बसलेला आहे का शिल्लक?

"तो विकायचा नाहीये," भिंगरी प्रत्येकाला ठणकावून सांगायची.

मग एका सकाळी फोन वाजला आणि मावशीनं तो तिच्याआधी उचलला. बाल्कनीत जाऊन बोलली. दार ओढून घेतलं.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, टेबलावर तपासणीचं पत्रक पडलेलं होतं. पिल्लू घरातून जाताना नव्या मालकाला द्यायचा कागद. वर नाव: कापूस. खाली वजन, डोळे, कान. आणि शेवटी: शेपूट, मऊ. समोर तारीख, सातव्या आठवड्यातली. मावशीनं वहीचं पान जसंच्या तसं फोटोकॉपी करून खाली जोडलं होतं. त्या पानावर भिंगरीचं गोल गोल अक्षर. खोडलेलं प्रश्नचिन्ह कॉपीत उमटलंच नव्हतं.

"मावशी, हे काय आहे?"

"दातांच्या डॉक्टर आहेत एक. मोठं क्लिनिक आहे. उद्या नेणार आहेत त्याला." मावशी फौजदाराचा ब्रश धूत होती, मान वर न करता. "तिथे एसी आहे, माणसं आहेत दिवसभर लक्ष द्यायला. स्वतः डॉक्टर आहेत त्या. आपल्यापेक्षा चांगलं राहील बाळ."

"तू म्हणालीस आपल्याकडेच राहील."

"म्हणाले. तेव्हा म्हणाले."

"त्यांना सांगितलंयस?"

"कागदावर सगळं आहे."

"कागदावर खोटं आहे! आणि माझ्या अक्षरात आहे!"

"ते तू लिहिलंस, भिंगरे," मावशी म्हणाली. अगदी मऊ आवाजात. "मी नाही."

भिंगरी त्या दिवशी शाळेत गेली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही, जुन्या भिंगरीसारखी. मैत्रिणींनी विचारलं, तोंडाला कुलूप का? आतमध्ये मात्र ती एकच वाक्य घोकत होती. उद्या त्या बाईंना मी सांगणार. ऐकल्यावर कोण घेईल? कुणीच नाही. कापूस राहील.

शनिवारी भिंगरी शाळा बुडवून थांबली. दातांच्या डॉक्टरीणबाई अकरा वाजता आल्या. उंच, पांढरा झब्बा, बोटं स्वच्छ आणि लांब. हातात वेताची टोपली, आत निळी उशी. सोफ्यावर बसल्या आणि कापसाला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की भिंगरीला क्षणभर त्या आवडल्यासुद्धा.

"अय्या! व्हिडिओतल्यापेक्षा सुंदर! आणि हलत नाही हो हा?"

"फार शांत आहे," मावशी म्हणाली. "जन्मापासून."

"मला तेच हवंय. माझ्याकडे लोक बाहेर बसतात ना, घामाघूम. आतून ड्रिलचा आवाज येतो. मी म्हटलं, समोर एक शांत जीव बसलेला दिसला की माणूस पण शांत होतो. मासे ठेवून पाहिले. मरतात. आणि दुसरं मांजर घेतलं तर ते पेशंटच्या अंगावर उड्या मारणार, सोफा फाडणार."

"तो शांत नाहीये," भिंगरी म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "भाची आहे. कापूस फार लाडका आहे तिचा."

"तो शांत नाहीये," भिंगरी पुन्हा म्हणाली. "त्याला दुखतंय. शेपूट कडक आहे. त्या कागदावर मी मऊ लिहिलंय ते चुकीचं आहे, आणि ही माझी वही, बघा, आज मी खरं लिहिलंय. त्याचे घोटे जुळून गेलेत. आई पण घडीची आणि बाप पण घडीचा, म्हणून. डॉक्टर म्हणाले हा विकायचा नाही. एक्सरे आहे. दाखवू?"

डॉक्टरीणबाईंनी टोपली बाजूला सरकवली.

"दाखव ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भिंगरीनं खालचा खण ओढला, एक्सरे काढला. बाईंनी तो घेतला, उठून खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात धरला. या रोजच एक्सरे वाचतात, भिंगरीच्या मनात आलं. यांना लगेच कळणार. आणि कळलंच. त्यांनी बोटानं घोट्याभोवती हवेतल्या हवेत एक गोल काढला.

"हं," त्या म्हणाल्या. "बरंच पुढे गेलंय. कुठली गोळी चालू आहे?"

मावशीनं नाव सांगितलं.

"डोस?"

मावशीनं डोस सांगितला.

"हे असंच वाढत जातं का? म्हणजे आणखी हालचाल कमी होईल?"

"हो," भिंगरी म्हणाली. "वर्षभरात कदाचित चालता पण येणार नाही नीट."

"चालून कुठे जायचंय त्याला?" बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, अगदी आजीसारख्या हसल्या. "काउंटरवर छान बसायचंय. गोळी मी देईन वेळेवर, काळजी करू नकोस."

"पण त्याला दुखतंय!"

"बाळा," बाई खाली वाकून म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता, "दुखणारे रोज तीस-चाळीस येतात माझ्याकडे. तेही असेच बसतात. हात मांडीवर, नजर समोर. आपण त्यांना त्रास द्यायचा नसतो एवढंच." आणि एक्सरे त्यांनी भिंगरीच्या हातात परत दिला, घडी पडू नये म्हणून दोन्ही कडांना धरून.

पत्रकावर त्यांनी सही केली. वहीकडे बघितलंसुद्धा नाही. मग कापसाला दोन्ही हातांनी अलगद उचलून टोपलीत ठेवलं. तो पाय पुढे टाकून बसला, जसा ठेवला तसा. मान तेवढी वळली. भिंगरीनं त्याच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि तो घुरघुरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांजरं दुखलं तरी घुरघुरतात.

दाराशी बाई थांबल्या. "माझं दुसरं क्लिनिक आहे नदीपलीकडे. तिथेही असंच एखादं बसवीन म्हणते. याच्यासारखंच हं, असंच घट्ट कानांचं आणि गरीब. पुढची पिल्लं कधी?"

"दीड महिन्यानं," मावशी म्हणाली.

दोघी बोलत बोलत जिना उतरल्या.

भिंगरी होती तिथेच उभी राहिली. दीड महिना म्हणजे सहा आठवडे. मांजर नऊ आठवडे गाभण असते. हे मावशीनंच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, बोटं मोजून. नवातून सहा गेले. तीन.

तीन आठवड्यांपूर्वी एक्सरे काढून पंधरा दिवस झालेले होते.

ती मालकीणबाईच्या खोलीत गेली. मालकीणबाई खिडकीच्या कट्ट्यावर ऊन खात पसरली होती. भिंगरीनं तिला हलकेच उताणं केलं, पोटावरचे दाट केस बोटांनी बाजूला सारले. गाभण राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात मांजरीचे सड गुलाबी होतात, फुगतात. ते आधी एकदा बघितलेलं असलं की पुन्हा ओळखायला डॉक्टर लागत नाही. सगळे गुलाबी होते. एकूण एक. मालकीणबाईनं डोळे मिटून घेतले आणि पंजे लाडानं आवळले-सोडले.

मागे जिन्यावर चपलांचा आवाज आला.

"बाप कोण आहे?" भिंगरीनं वळून न बघताच विचारलं.

मावशी दारात उभी राहिली. खोटं बोलेल असं भिंगरीला वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"फौजदार."

"तू शप्पथ घेतली होतीस."

"हो." मावशी कट्ट्यावर येऊन बसली आणि मालकीणबाईच्या पोटावर हात फिरवू लागली, सवयीच्या, जाणत्या हातानं. "अकरा वर्षं, भिंगरे. अकरा वर्षं निम्मी पिल्लं सरळ निघाली. प्रत्येक वेळी दोन-दोन, तीन-तीन. जवळजवळ फुकट द्यायची, पाया पडायचं लोकांच्या. आणि ही पहिली वेळ, पाचच्या पाच. तूच नाचत होतीस ना? आणि बघितलंस ना तू, सगळं सांगितलंस त्यांना, मी थांबवलं का? थांबवलं नाही. सांगूनसुद्धा नेलं. आनंदानं नेलं. मग मी कुणाला फसवतेय?"

"कापसाला."

मावशीचा हात थांबला. क्षणभर तिच्या कपाळावर त्या तीन आठ्या आल्या, आणि भिंगरीला वाटलं, आता ती रडेल. पण आठ्या गेल्या. ओठ पुढे आले. मावशीनं खाली वाकून मालकीणबाईच्या पोटाला कान लावला.

"या वेळी सहा असतील बघ," ती हळूच म्हणाली.

भिंगरीनं वही उचलली. एक्सरे वहीत ठेवला, तो मावला नाही म्हणून बाहेर अर्धा तसाच राहिला. दप्तर पाठीवर टाकलं.

"कुठे निघालीस?"

"डॉक्टरांकडे."

"जा ना," मावशी म्हणाली. रागावून नाही. "मांजर माझं आहे. डॉक्टर काय करणार आहेत?"

ती जिना उतरायला लागली. पहिल्या मजल्यावर तिला कापसाच्या टोपलीतल्या निळ्या उशीचा एक दोरा पायरीवर पडलेला दिसला आणि ती थांबली नाही. वरून मावशीचा आवाज येत होता, लाडिक, मऊ, कुणालाही हेवा वाटावा असा, "पसर हं माझी राणी, पसर, दमलीस." भिंगरी भरभर उतरत होती आणि मनात मोजत होती. सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस. आजचा धरून.